संक्रांतीच्या वाणात पायथन

सुनेत्रा मगदूम यांच्याविषयी वामनराव फणसळकरांना फारच थोडं ठाऊक होतं. त्या कोल्हापूरच्या, एवढं बोलण्यावरून कळायचं. त्यांचे यजमान सुबोध मगदूम हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि झिरकपूरला फ्लॅट घेऊन राहिले, हे मंडळात सगळ्यांनाच माहीत होतं. पण बाईंना भावंडं किती, त्यांना गोड आवडतं की तिखट, लहानपणी त्यांना कोण व्हायचं होतं, यातलं काही वामनरावांना विचारलं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती. जवळजवळ दोन वर्षं ते त्या बाईंच्या पुस्तकात गळ्यापर्यंत बुडालेले होते. बाईंशी मात्र सगळं मिळून एका दुपारच्या गप्पांइतकंही बोलणं झालं नसेल. याला वामनरावांचा लाजरा स्वभाव जितका कारण, तितकाच बाईंचा एक नियमही होता.

तो नियम पुढे येईल. आधी गाठ कशी पडली ते सांगितलं पाहिजे.

चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती. वामनराव दरवर्षीप्रमाणे हॉलच्या दाराशी चपला सांभाळायला बसले होते. ती जागा त्यांनी मागून घेतली होती, कारण चपला ठेवणाऱ्याशी कुणी फार बोलत नाही. हवाई दलात ते ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होते. विमानांच्या दुरुस्तीची जाडजूड पुस्तकं सांभाळायची, हे त्यांचं काम. पुस्तकांमध्ये आयुष्य गेलं, पण स्वतः दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांना घाम फुटायचा. निवृत्तीनंतर ते सेक्टर २२ मध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर राहिले, कारण पत्नी सुजाताबाईंना इथली थंडी आणि इथली गाजरं सोडवेनात.

तर सँडल काढता काढता सुनेत्राबाईंनी एकदम विचारलं, "काका, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का ओ?"

वामनराव ओशाळले. "नाही, मॅडम. मुलानं जुना लॅपटॉप देऊन ठेवलाय. मी त्यावर पत्ते खेळतो फक्त. तेही हरतो."

"झकास! अगदी असाच माणूस शोधत होते मी. आणि मॅडम नका म्हणू."

"बरं, मॅडम."

बाई पुस्तक लिहीत होत्या. पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा मराठीतून शिकवणारं. ज्या भाषेत माणूस कॉम्प्युटरला कामं सांगतो तिची अक्षरं इंग्रजीच राहणार, पण समजावणी घरच्या बोलीत. पुस्तकाचं नावही ‘घरच्या भाषेत पायथन’ असंच ठरलं होतं. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर त्या गावोगाव फिरल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी नवी शाळा धरायची, कॉम्प्युटर शिकवायचा, मुलं हाताशी आली की ट्रंका बांधायच्या. या फिरण्यात त्यांनी एअरमन लोकांच्या कितीतरी बायका पाहिल्या. मराठीतून बारावी झालेल्या, हिशोबाला तल्लख, हाताला कामाची आस असलेल्या. कोचिंगला जायच्या, फाडफाड इंग्रजी ऐकून माना डोलवायच्या आणि महिन्याभरात बंद करायच्या. "मीसुद्धा तशीच डोलवलीय मान," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "बिदरला. कळत काही नव्हतं. मान मात्र अशी डोलायची की मास्तर खूश." स्वतःविषयी त्या वामनरावांशी जे बोलल्या ते एवढंच.

आता तो नियम. बाई एक प्रकरण लिहायच्या आणि बंद पाकिटातून वामनरावांना पाठवायच्या. वामनरावांनी ते वाचायचं, त्यातल्या आज्ञा पुस्तकात आहेत तशाच्या तशा लॅपटॉपवर टाइप करायच्या, आणि जिथे गाडी अडेल तिथे लाल पेन्सिलीनं फुली मारून कागद परत करायचे. विचारायचं काही नाही. बाईंनीही सांगायचं काही नाही.

"मी काय पुस्तकाबरोबर प्रत्येकीच्या घरी जाऊन बसणार आहे?" त्या म्हणाल्या. "जिथं तुम्ही अडलात, तिथं माझं लिहिणं चुकलं. तुमचं नव्हे. हे डोक्यात पक्कं करा."

सुजाताबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे मंडळातला सगळ्यात ढ माणूस निवडला म्हणा की त्यांनी! निवड मात्र अचूक हो."

वामनरावांना आधी थोडं लागलं. पण पाकिटं येत गेली, तसा त्यांचा जीव त्यात रमला. थंडीत रजई पायांवर घेऊन, एका बोटानं, ते अक्षर अक्षर वेचायचे. फुली मारताना त्यांना अपराध्यासारखं वाटायचं. मग आठ-पंधरा दिवसांनी तेच प्रकरण नव्यानं लिहून यायचं आणि जिथे फुली होती तिथे रस्ता मोकळा झालेला असायचा. एका प्रकरणावर तर त्यांनी इतक्या फुल्या मारल्या की कागद लाजून लाल झाल्यासारखा दिसायला लागला. एकाच कामाची आज्ञा कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा कशी द्यायची, याचं ते प्रकरण. शेवटी बाईंनी ते सगळं फेकून दिलं आणि स्वेटर विणण्यापासून सुरुवात केली. ‘दोन सुलट, दोन उलट, असं ओळ संपेपर्यंत करा,’ हे प्रत्येक बाईला कळतं. कॉम्प्युटरलाही असंच सांगायचं असतं. हे वाचून वामनराव मोठ्यानं म्हणाले, "आता कळलं!" आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय कळलं? गॅस संपलाय ते?"

पुस्तक पुरं झालं तेव्हा डिसेंबर उजाडला होता. छापायला दिलं मनीमाजऱ्यातल्या एका छापखान्यात. तिथले विजयकुमार लग्नपत्रिका छापण्यात नावाजलेले. मराठी त्यांना येत नव्हतं, पण अक्षरं नीट बसवायचे. बाईंनी सगळी पानं डोळ्यांत तेल घालून तपासली, सही केली आणि कार्यक्रम ठरवला. संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. सुनेत्राबाई त्यात हे पुस्तक वाण म्हणून लुटणार होत्या.

मंडळात ही बातमी पसरली आणि जिभांना काम मिळालं. "वाणाला लोक डबा देतात, गाळणी देतात. हिनं पायथन आणलाय! नागपंचमीपर्यंत थांबायचं तरी." सुजाताबाई घरी येऊन हे सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मी काही बोलले नाही हो. फक्त हसले."

पण बाईंना तोच रविवार हवा होता, आणि त्याचं कारण कश्मिरा वाघचौरे हिच्यासारख्या मुली होत्या. कश्मिरा एका सार्जंटची बायको, श्रीरामपूरकडची. पुस्तकाची वाट बघणाऱ्या बायकांत ती सगळ्यात पुढे. तिच्या नवऱ्याची बदली जोरहाटला झाली होती आणि फेब्रुवारी लागताच त्यांचं सामान हलणार होतं. आणखी कितीजणींच्या घरी ट्रंका निघाल्या होत्या. बाई म्हणायच्या, "पाखरं उडायच्या आत दाणा द्यायला पाहिजे. मागाहून टपालानं गेलेलं पुस्तक फळीवर पडून राहतं. हातानं दिलेलं उघडलं जातं."

छापून आलेली पहिली प्रत त्यांनी वामनरावांना पाठवली. हळदीकुंकवाच्या आधीचा तो आठवडा. निळं मुखपृष्ठ, त्यावर लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. वामनरावांनी ती प्रत देवापुढे ठेवली, मग चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून टाइप करायला बसले.

सुरुवातीची प्रकरणं सरळ गेली. मग स्वेटरचं प्रकरण आलं. त्यांनी पुस्तकात होतं तसं टाइप केलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. चूक. पुन्हा केलं. पुन्हा लाल.

वामनरावांना क्षणभरही वाटलं नाही की पुस्तक चुकलं असेल. बाईंनी तपासलेलं, सही केलेलं, छापलेलं पुस्तक! चूक असणार ती आपल्या बोटाची, नाहीतर मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची. दिवसभर ते तेच करत राहिले. दुसऱ्या दिवशीही. पुढचं प्रकरण ‘असं असेल तर हे कर’ या आज्ञेचं, तेही लाल. लाल अक्षरं बघून बघून त्यांचं जेवण कमी झालं.

"अहो, काय झालंय?" सुजाताबाईंनी शेवटी विचारलं.

"मला आधी येत होतं ते आता येईनासं झालंय. वय झालं बहुतेक."

"वय काय या आठवड्यात झालं? त्या बाईंचा नियम काय होता? जिथं तुम्ही अडाल तिथं कोण चुकलं?"

"ते कागदांसाठी होतं. हे छापलंय."

"छापलेलं काय ब्रह्मदेवानं लिहून पाठवलंय? जा, विचारून या. रविवारी मीसुद्धा जाणार आहे ते वाण घ्यायला. खोट असलेलं वाण कुणी देतं का?"

तेव्हा कुठे वामनरावांनी पान पुन्हा उघडलं आणि वाचण्याऐवजी नुसतं लांबून बघितलं, परेडकडे बघावं तसं. सगळ्या ओळी डाव्या कडेला एका रेषेत उभ्या होत्या. एकही पाय पुढेमागे नाही. आणि त्यांना आठवलं की बाईंच्या कागदांवर असं नव्हतं. तिथे काही ओळी थोड्या आत सरकलेल्या असायच्या. सुरुवातीला त्यांनी त्यावरच फुली मारली होती, आणि मग बाईंनी लिहून पाठवलं होतं: आत सरकलेल्या ओळी म्हणजे वरच्या आज्ञेच्या पोटातल्या. ‘पुन्हा पुन्हा कर’ म्हटल्यावर काय काय करायचं, ते कॉम्प्युटर त्या मोकळ्या जागेवरूनच ओळखतो. ती जागा गेली की त्याला काही उमगत नाही.

बाहेर धुकं इतकं की समोरचा चौक दिसत नव्हता. कानटोपी घालून, पुस्तक स्वेटरच्या आत धरून वामनराव बसनं झिरकपूरला निघाले. वाटेत दोनदा त्यांना उतरून परत जावंसं वाटलं.

सुनेत्राबाईंनी दार उघडलं. "काका! या धुक्यात? बसा की, चहा टाकते."

"मॅडम, बहुतेक माझंच चुकतंय," वामनराव दारातच म्हणाले, "पण हे पान जरा बघता का."

बाईंनी पान बघितलं. मग पुढचं. मग उभ्या उभ्याच शेवटपर्यंत पानं उलटली. चहाचं आधण उकळून उकळून आटलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "चला."

छापखान्यात विजयकुमार लग्नपत्रिकांना सोनेरी कडा लावत होते. बाईंना बघून ते उठले, कौतुकाची वाट बघत. "कैसी लगी किताब, मैडम जी?"

"विजयकुमारजी, ये लाइनें किसने बदलीं? मैंने तो साइन करके दिया था."

विजयकुमारांचा चेहरा फुलला. "आपने देख लिया! मैंने सोचा था, आपको पता भी नहीं चलेगा. मैडम जी, आपकी लाइनें कोई आगे, कोई पीछे. टाइप करनेवाले से रह गया होगा. अब किताब पे मेरी प्रेस का नाम है. दो चैप्टर में एक-एक लाइन अपने हाथ से सीधी की है जी. बाकी पीछे के चैप्टर में आपने लाइनों की फोटो लगा रखी थी, वो मुझसे सीधी नहीं हुई."

बाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या मायेनं घोळ घातलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? त्यांनी त्याला समजावून सांगितलं. विजयकुमारांना कॉम्प्युटरचं कळलं नाही, पण बाईंच्या डोळ्यांतलं कळलं. ते स्टुलावर बसलेच. "मैं दोबारा छाप दूँगा जी. पर शादियों का सीज़न है, पक्का बोल रहा हूँ, फरवरी से पहले नहीं होगा."

फेब्रुवारी म्हणजे कश्मिरा जोरहाटला.

सुनेत्राबाई गठ्ठ्यांशेजारच्या बाकावर बसल्या. "रद्द करते मी रविवार," त्या म्हणाल्या. "ह्या बायका आधीच स्वतःला कमी समजतात. पुस्तक उघडणार, टाइप करणार, लाल अक्षरं येणार. पुस्तक चुकलंय असं एकीच्याही मनात येणार नाही. ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून मिटून ठेवतील, ते कायमचंच. त्यापेक्षा न दिलेलं बरं."

वामनरावांनी हे ऐकलं आणि त्यांचे कान तापले. कारण गेले दोन दिवस त्यांनी हुबेहूब तेच केलं होतं. त्यांनी खाकरून घेतलं.

"आमच्याकडे... म्हणजे ते विमानांचं होतं. हे वेगळं."

"बोला की काका."

"विमानाच्या पुस्तकात चूक निघाली की पुस्तक फेकत नसत. दुरुस्तीच्या पट्ट्या यायच्या छापून. अमेंडमेंट म्हणायचो आम्ही. त्या चिकटवायच्या. माझं कामच होतं ते. आणि पट्टी सगळी चिकटवायची नाही, फक्त एका कडेला डिंक. म्हणजे पट्टी उचलली की खालचं जुनं दिसतं."

"जुनं कशाला बघायचं?"

"मेकॅनिकला कळायला नको का, आधी काय होतं, आता काय झालं, आणि का? आमचे वॉरंट ऑफिसर म्हणायचे, नुसतं बरोबर वाचणारा विसरतो." एवढं बोलून वामनरावांना वाटलं की आपण फारच बोललो. "पण तुमचं नवं कोरं पुस्तक. त्याला ठिगळं बरी दिसणार नाहीत. राहू द्या."

सुनेत्राबाईंनी शेजारचा गठ्ठा सोडला. मग एक पुस्तक उचलून त्यांनी चुकलेल्या पानावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. पट्टी उघडझाप करावी तसा.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "खालचं आधी टाइप करायचं. लाल येणार. मग वरचं टाइप करायचं. चालणार. दोन्हीत फरक काय? फक्त मोकळी जागा. मी पानंच्या पानं लिहिली ओ ह्याच्यावर, ती मोकळी जागा का महत्त्वाची ते सांगायला. तुमच्या फुल्या काही संपत नव्हत्या." त्या ताडकन उठल्या. "आणि चिकटवणार आपण नाही. ज्या घेणार, त्याच चिकटवणार. तिथंच, सगळ्यांच्यात बसून. विजयकुमारजी, पट्टियाँ छपेंगी? शनिवार तक?"

विजयकुमारांनी सोनेरी कडांच्या पत्रिका बाजूला सारल्या. "आज छपेंगी जी. टेढ़ी की टेढ़ी छापूँगा."

रविवारी सकाळीही धुकं होतं. मंडळाच्या हॉलपुढच्या हिरवळीवर सतरंज्या घातल्या होत्या. पंजाबी लोहरी सणाची उरलेली रेवडी आणि मंडळाचे तिळाचे लाडू एकाच ताटात बसले होते. पुरुषांना तिथे काम नव्हतं, पण सुनेत्राबाईंनी वामनरावांना खास बोलावलं होतं: "डिंकाचं खातं तुमचं." म्हणून ते कोपऱ्यात वाट्यांमध्ये डिंक कालवत, कुणाकडे न बघता बसले होते. हॉलच्या फाटकापाशी विजयकुमारही पगडी बांधून येऊन उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "देखूँगा बस जी," म्हणाले.

बायका भराभर आल्या. हळदीकुंकू झालं, अत्तर लागलं, आणि सुनेत्राबाईंनी एकेकीच्या ओटीत पुस्तक आणि दुमडलेला पट्ट्यांचा कागद घातला. पैठणी नेसलेल्या एक वयस्कर बाई कागद उलगडून म्हणाल्या, "हे काय गं सुनेत्रा? वाणाबरोबर ठिगळंही?"

"हो काकी. वाणात खोट आहे, आणि औषधही सोबत दिलंय."

"खोट असलेलं वाण!" दोघीतिघी कुजबुजल्या. सुजाताबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे बघितलं. वामनरावांचा डिंक कालवणारा हात थांबला.

सुनेत्राबाई उभ्या राहिल्या. मंडळाचा मोठा पडदा हॉलच्या दारात टांगला होता आणि लॅपटॉप त्याला जोडला होता. "मैत्रिणींनो, छापताना चूक झाली," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. "ती लपवायची नाही ठरवलंय मी. कश्मिरा, ये इकडं. स्वेटरचं पान काढ. पट्टी अजून लावू नको. जसं छापलंय तसं टाइप कर."

"मी? बाई, मला नाही यायचं ते," कश्मिरा पदर सावरत म्हणाली.

"येणार नाहीच. म्हणून तर बोलावतेय."

हशा झाला. कश्मिरानं एक एक अक्षर बघत टाइप केलं. पडद्यावर लाल ओळी आल्या. "मोडलं का काय?" कुणीतरी म्हणालं. कश्मिराचा चेहरा उतरला. वामनरावांना तो चेहरा चांगला ओळखीचा होता.

"कोण चुकलं?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"मीच," कश्मिरा म्हणाली.

"नाही! पुस्तक चुकलं. तू अगदी बरोबर टाइप केलंस. म्हणून तर लाल आलं. आता काकांकडं जा, डिंक घे, पट्टी लाव."

कश्मिरा वामनरावांपाशी आली. "फक्त कडेला," ते म्हणाले. त्यांनी बोटानं दाखवलं. तिनं पट्टी लावली, उचलून खाली बघितलं, टेकवून वर बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई, ही ओळ तर आत सरकलीय. खालची नाही सरकलेली. एवढंच?"

"एवढंच. का सरकली असेल?"

"ती... ती वरच्या ओळीच्या पोटात आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा हीच करायची. टाका घालायचा तेवढाच!" ती धावतच लॅपटॉपकडे गेली. बायका आता सतरंजीवरून उठून तिच्या भोवती जमल्या होत्या. तिनं ओळ आत सरकवली आणि शेवटचं बटण दाबलं.

पडद्यावर वरपासून खालपर्यंत ओळी उतरत गेल्या. दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. पडदा भरला.

"चाललं!" कश्मिरा ओरडली. आणि मग सगळ्याच ओरडल्या. त्या पैठणीवाल्या काकी पडद्यावरच्या ओळी ठेक्यात वाचायला लागल्या, बाकीच्यांनी साथ धरली, आणि बघता बघता ‘दोन सुलट, दोन उलट’ची आरतीच झाली. फाटकापाशी विजयकुमार टाळ्या वाजवत होते. "देखा जी," ते शेजारच्या रिक्षावाल्याला सांगत होते, "टेढ़ी लाइन से चलती है!"

मग डिंकाच्या वाट्यांभोवती झुंबड उडाली. कुणी मोबाइलवर, कुणी मुलाच्या लॅपटॉपवर, आधी खालचं, मग वरचं. लाल आलं की टाळ्या, चाललं की त्याहून जास्त टाळ्या. कुणी टाके तीन केले, कुणी पन्नास. एकीनं आपल्या नवऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा छापायला सांगितलं आणि वर म्हणाली, "इतक्यांदा हाक मारल्यावर तरी उठेल." दुपारी धुकं फाटलं, ऊन आलं, आणि कुणीही घरी जायला तयार नव्हतं. सुजाताबाईंनी पट्टी लावलेलं पुस्तक वामनरावांपुढे धरलं. "सरळ लागलीय का बघा. आणि काय हो, तुमच्या त्या दोन दिवसांच्या उपासाचं फळ हे?" वामनरावांनी बघितलं तर बाई पडद्याजवळ उभ्या होत्या. नुसत्या बायकांकडे बघत होत्या, आणि कुंकवाचा हात तसाच गालाला लागून गाल लाल झाला होता.

फेब्रुवारीत ट्रंका हलल्या. पुस्तकं जोरहाटला गेली, तांबरमला गेली, जिथे जिथे बदल्या झाल्या तिथे गेली. कश्मिरा तिकडे क्वार्टर्सच्या व्हरांड्यात आणखी चारचौघींना शिकवू लागली, आणि प्रत्येकीला आधी चुकीचं टाइप करायला लावू लागली. पुढच्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकानं दुसऱ्या आवृत्तीचं विचारलं. ते म्हणाले, ती चुकलेली पानं नीट करून घेऊ. बाई म्हणाल्या, मुळीच नाही. त्यामुळे आजही त्या पुस्तकात दोन प्रकरणांतल्या ओळी सरळ उभ्या आहेत आणि मागच्या पाकिटात पट्ट्या आहेत. ‘कडेलाच चिकटवावी’ अशी सूचना आहे. कुणाची ते लिहिलेलं नाही, आणि वामनरावांना ते तसंच बरं वाटतं.

त्यानंतर मगदूम कुटुंब कोल्हापूरला कायमचं जायला निघालं. वामनराव स्टेशनवर गेले. काय बोलावं हे त्यांनी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, पण फलाटावर ते सगळं उडून गेलं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या हातात लाडवांची पिशवी दिली. फोन दोघांकडेही आहे. पण वामनरावांना फोन करायचं धाडस होत नाही, आणि बाईंना त्यांचा नियम मोडायची सवय नाही, त्यामुळे पुढे बोलणं झालेलं नाही.

शेवटचं बोलणं झालं ते त्या फलाटावर, गाडीनं शिटी दिली तेव्हा.

"काका, डिंक आहे का घरात?"

"आहे, मॅडम. अर्धी बाटली आहे."

"झाकण लावत जा. वाळतो."

"लावतो," वामनराव म्हणाले.